साडेसहाचा नमुना

हरणवलीत तक्रार करायला माणसं कधी कमी पडली नाहीत. रस्त्यात खड्डा पडला की त्यात पाणी साचायच्या आत त्याचा फोटो महापालिकेत पोचायचा. ज्या प्रभागातले लोक जास्त बोंब मारतील तिथे डांबराची गाडी आधी जायची. ज्यांना बोंब मारायलाही सवड नव्हती, त्यांच्याकडे ती फिरकायचीच नाही. मोठ्या शहराच्या कुशीला चिकटून वाढलेल्या या उपनगरात हे वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, आणि त्याला कोणी अन्याय म्हणत नव्हतं. कामकाज म्हणत.

मग गटारांना वाचा फुटली.

झालं असं की माणसाच्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य रक्तात सोडतात. झोप मोडली, काळजीनं जीव टांगणीला लागला, रोज उठून तीच कटकट नशिबी आली, की हे द्रव्य वाढतं. सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते सगळ्यात वर जातं आणि मग दिवसभर उतरत राहतं. शरीरातलं काम झालं की त्यातलं थोडं लघवीवाटे बाहेर पडतं. एका माणसाचं कॉर्टिसॉल तपासायचं तर त्याची परवानगी लागते, नावगाव लागतं, शिवाय तो घाबरतो तो वेगळाच. अख्ख्या वस्तीचं मात्र एकाच गटारात येतं, आणि तिथे कोणाचं नाव लिहिलेलं नसतं.

तेव्हा महापालिकेनं एकेचाळीस प्रभागांच्या एकेचाळीस शेवटच्या चेंबरांत डब्याएवढी यंत्रं बसवली. सकाळी साडेसहाला यंत्र उघडायचं, आठपर्यंत थेंब थेंब नमुना घ्यायचं, त्यातलं कॉर्टिसॉल मोजायचं. ते किती माणसांचं आहे याचा अंदाज लघवीतल्याच दुसऱ्या एका द्रव्यावरून काढायचं, आणि माणशी एक आकडा महापालिकेला पाठवायचं. आकड्याचं सरकारी नाव होतं 'प्रभाग ताण निर्देशांक'. लोक शीणमीटर म्हणत. दर तीन वर्षांनी कामांची प्राधान्ययादी व्हायची ती या आकड्यावर. जिथे शीण जास्त, तिथलं काम आधी.

ही कल्पना राबवली होती मलनिःसारण विभागाच्या उपअभियंता सारिका देवकर यांनी. चव्वेचाळीस वर्षांची ही बाई त्या यंत्रांमागे तीन वर्षं अशी राबली की घरचे म्हणत, हिचं माहेर चेंबरमध्ये आहे. पण त्याचं चीज झालं होतं. प्रभाग अठरामधून एकही तक्रार आलेली नसताना तिथला आकडा चढलेला दिसला, म्हणून शोध घेतला, तर रात्रभर डंपर जात होते. डंपर वळवले, आणि दोन आठवड्यांत आकडा खाली आला. त्या दिवशी सारिका घरी जाताना जिलेबी घेऊन गेली होती. न बोलणाऱ्यांचं कोणीतरी ऐकलं, याचा तिला मनापासून आनंद झाला होता.

आता दुसरी यादी तयार होती. शुक्रवारी ती सभेपुढे जायची होती, आणि त्याआधी तिच्यावर तांत्रिक पडताळणीची सही करायची ती सारिकानं.

मंगळवारी दुपारी पाथरवट टेकडीवरून शोभाचा फोन आला. शोभा म्हणजे सारिकाच्या थोरल्या बहिणीची, छायाची, भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण.

"छायाताई पडली. पिंप सरकवत होती. मनगट मोडलंय. तिनं सांगू नको म्हटलं होतं, पण मी सांगतेय."

आई गेली तेव्हा सारिका नऊ वर्षांची होती आणि छाया एकवीसची. छायानं खानावळीत भाज्या चिरून चिरून हिला इंजिनियर केलं होतं. सारिका लग्न होऊन खाली मैत्रेय हाइट्समध्ये गेली, छाया टेकडीवरच राहिली. सणावारी सारिका जायची, जेवायची, दिवेलागणीच्या आत परतायची. टेकडीवर रात्र काढली त्याला एकवीस वर्षं झाली होती. ताई कधी काही मागत नसे, कसली कुरकुर करत नसे. त्यामुळे तिचं बरं चाललंय, असं सारिकानं केव्हाच धरून ठेवलं होतं.

"चल माझ्याकडे," प्लास्टरचा हात बघून ती म्हणाली. "महिनाभर तरी."

"मी आले तर भिंत कोण वाजवणार?" छाया म्हणाली.

सारिकाला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय ते. "आज मी राहते इथे," एवढंच ती म्हणाली, आणि चटई पसरून पडली. दिवसभराची दमलेली, पडल्या पडल्या झोप लागली.

पाऊण वाजता नव्हे, दोन वाजता नव्हे, बरोबर पावणेचारला ती उठून बसली. मोरीतला नळ सूं सूं करत होता. अंधारात छाया उठली, डाव्या हातात लाटणं घेतलं आणि शोभाच्या भिंतीवर दोनदा ठोकलं. पलीकडून शोभानं तिच्या पुढच्या भिंतीवर ठोकलं, मग त्याच्या पुढची, मग त्याच्या पुढची, असा तो आवाज ओळीनं टेकडी चढत गेला. छायाचं घर सगळ्यात खालचं. नळात हवा आधी तिच्याकडे वाजते. म्हणून वस्तीला उठवायचं काम तिचं, आणि तिच्याआधी ते आईचं होतं. खालचं सगळं शहर झोपेत असतं, तेव्हाच एवढ्या उंचीवर पाणी चढतं. तेही पाऊण तास.

"तू बस," सारिका म्हणाली आणि पदर खोचून भरायला लागली. हंडे, कळशा, पिंप, वर ठेवायचं पातेलं. पाचव्या कळशीला कंबर बोलू लागली. बाहेर बोळात सगळे जागे होते. म्हातारे भिंतीला धरून सार्वजनिक संडासाकडे चालले होते, कारण पाणी असतानाच तिथे जायची सोय. साडेचारला नळ आचके देत बंद पडला. पहिल्या पाळीचे लोक डबे घेऊन पाचला टेकडी उतरले. उरलेल्यांनी धुणं आटपलं.

आणि मग एक गोष्ट घडली, जी सारिका लहानपणी रोज बघत होती. सगळी वस्ती पुन्हा आडवी झाली. सहाच्या सुमाराला बोळात चिटपाखरू नव्हतं.

साडेसहाला तिच्या मोबाइलवर सूचना वाजली. नमुना सुरू झाला होता. तिनं सवयीनं मोबाइलवर प्रभागांच्या आकड्यांचा फलक उघडला. आठ वाजता पाथरवट टेकडीचा आकडा आला. एकेचाळीस प्रभागांत एकेचाळिसावा, नेहमीसारखाच. हरणवलीतली सगळ्यात समाधानी वस्ती.

सारिका मोबाइल हातात धरून उंबऱ्यावर बसून राहिली. टेकडीचा शीण पहाटे साडेचार-पाचलाच गटारातून निघून गेलेला होता, काही तर डब्यांबरोबर बस पकडून दुसऱ्या शहरात गेलेला होता. साडेसहाला यंत्र डोळे उघडायचं तेव्हा खाली चेंबरमध्ये धुण्याचं पाणी आणि दुसऱ्या झोपेत पडलेल्या माणसांची शांतता एवढंच यायचं.

साडेसहा ही वेळ कोणी ठरवली होती, हे तिला शोधावं लागलं नाही. साडेतीन वर्षांपूर्वीची बैठक होती. यंत्र बनवणारा तज्ज्ञ बंगळुरूहून आलेला. त्यानं विचारलं होतं, तुमच्याकडे लोक उठतात किती वाजता? खोलीत अकरा जण होते. त्यांच्यातली एकच टेकडीवर वाढलेली होती, आणि उत्तर तिनंच दिलं. "सहा, सव्वासहा." इतिवृत्तात ते तिच्या नावासकट होतं.

"काय झालं गं?" छायानं आतून विचारलं.

"काही नाही. चहा ठेवते."

डॉक्टर नसरीन इनामदार महापालिकेच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. सारिकाची तिथली एकमेव मैत्रीण. बुधवारी सकाळी सारिकानं तिला सगळं सांगितलं. नसरीन चष्मा पुसत ऐकत राहिली.

"वेळ बदलून बघू," ती म्हणाली. "यंत्राला काय, एक आज्ञा पाठवली की झालं. चार ते साडेपाच. पण दोनच नमुने मिळतील, गुरुवार आणि शुक्रवार."

"दोन पुरे."

"पुरे नाहीत. पण असू दे."

गुरुवारी आकडा आला तेव्हा नसरीननं यंत्र बिघडलं असेल म्हणून त्याच्या मोजमापाची जुळणी पुन्हा तपासली. जुळणी ठीक होती. शुक्रवारीही तोच आकडा आला, थोडा जास्तच. पाथरवट टेकडी पहिल्या क्रमांकावर होती, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या प्रभागापेक्षा दुपटीनं वर. 

"असे आकडे मी रात्रपाळीच्या परिचारिकांमध्ये पाहिलेत," नसरीन म्हणाली. "पण त्यांना आठवड्याची सुट्टी तरी असते."

गुरुवारी संध्याकाळी सारिका घरी गेली होती ती सासऱ्यांशी बोलायला. नाना ब्याऐंशीचे. दमा. मैत्रेय हाइट्सच्या मागून उघडा नाला जातो, आणि तो बंदिस्त करायचं काम यादीत पहिलं होतं. मोठ्या खोदकामाचा निधी शहराकडे एका यादीत एकाच कामापुरता. दुसरं काम थेट पुढच्या यादीत, तीन वर्षांनी. नाला, नाहीतर टेकडीसाठी वेगळी जलवाहिनी आणि पंप.

ही सगळी गोष्ट तिनं नानांना सरळ सांगितली, आपल्या चुकीसकट. आडपडदा ठेवायचं तिच्या अंगात त्राण नव्हतं.

नाना खिडकीशी बसले होते. श्वास घेताना त्यांचे खांदे वर जात.

"तीन वर्षं," ते म्हणाले.

"हो, नाना."

"मला तीन वर्षं आहेत की नाहीत, ते तुझ्या त्या यंत्रात दिसतं का?"

"नाही दिसत."

नाना म्हणाले, "खिडकी लावून घे. वास येतोय." तिनं खिडकी लावली. त्यापुढे ते त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं.

शुक्रवारी सभेच्या दोन तास आधी ती आयुक्तांसमोर उभी राहिली. आयुक्त वाईट माणूस नव्हते. तीन रात्री नीट झोपलेले दिसत नव्हते, आणि टेबलावर गार झालेल्या चहाचे दोन कप होते.

"देवकर मॅडम, दोन दिवसांच्या नमुन्यावर तीन वर्षांची यादी बदलायची?"

"साडेतीन वर्षांच्या चुकीच्या वेळेवर ती बनलीय, साहेब."

"पुढच्या यादीत घेऊ की. तोवर व्यवस्थित अभ्यास करा. कोणालाही उत्तर द्यावं लागणार नाही, तुम्हालाही नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "कार्यकारी अभियंता पदासाठी तुमचं नाव गेलंय. ही गोष्ट आज बाहेर आली तर ते परत येईल. मी थांबवू शकणार नाही."

"माहितीये मला."

"तिथे तुमचं कोणी राहतं, असंही लोक म्हणतील."

"बहीण राहते. आणि या यादीत पहिलं काम आहे ते माझ्या घरामागचं. तेही म्हणू द्यात." सारिकानं फाइल पुढे सरकवली. वर एका पानाचं निवेदन होतं, तिच्या अक्षरातलं. नमुन्याची वेळ मी चुकीची सांगितली, कोणत्या बैठकीत सांगितली, त्यानं काय झालं, सगळं. "जुन्या यादीवर मी सही करणार नाही, साहेब. दुसऱ्या कोणाची घ्यायची तर घ्या."

आयुक्तांनी निवेदन दोनदा वाचलं. "आणि उरलेल्या चाळीस प्रभागांत असंच काही निघालं तर?"

"निघेल," सारिका म्हणाली. "कुठे रात्रपाळीवाले आहेत, कुठे दूधवाले. निघणारच."

ते खुर्चीत मागे रेलले. एकदम म्हातारे दिसायला लागले. "तुमच्या त्या यंत्रामुळे मला वाटलं होतं, आता निदान ठरवायची कटकट गेली," ते म्हणाले, आणि त्यांनी पेन उघडलं.

यादी बदलली. सभेत गदारोळ झाला, वर्तमानपत्रांत दोन दिवस सारिकाचं नाव छापून आलं, मैत्रेय हाइट्सच्या लिफ्टमध्ये लोक तिच्याकडे बघेनासे झाले. पदोन्नती गेली. तिला जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे बसवलं. चौकशी सुरू झाली ती सुरूच राहिली. मार्चमध्ये नानांना दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. दोन्ही वेळा सारिका त्यांच्या उशाशी बसून होती, आणि दोन्ही वेळा त्यांनी तिच्या हातचं पाणी घेतलं, पण बोलले फक्त नर्सशी.

छायाला तिनं काहीच सांगितलं नव्हतं. पण वर्तमानपत्रात शेव बांधून येते, आणि छायाला वाचता येत होतं.

जलवाहिनीला अकरा महिने लागले. मग टेकडीवर कागद चिकटला: सोमवारपासून पाणी सकाळी साडेसहा ते आठ.

रविवारी संध्याकाळी सारिका चटई बगलेत मारून टेकडीवर गेली. छायाचं मनगट जुळलं होतं, थोडं वाकडं. दोघी जेवल्या, लवकर आडव्या झाल्या. पहाटे सारिकाला जाग आली. पावणेचार. नळ गप्प होता. छाया भिंतीला टेकून बसली होती, लाटणं मांडीवर.

"झोप की ताई. आज नाहीये पाणी."

"जाग आलीच. आता काय करायचं ते सुचत नाही." छायानं भिंतीकडे हात केला. "ऐक."

सारिकानं कान दिला. पलीकडे शोभा खोकत होती. तिच्या पलीकडे कपबशीचा आवाज झाला. वर कुठेतरी कोणीतरी दार उघडलं आणि पुन्हा लावलं. सगळी ओळ जागी होती. कोणी कोणाला उठवलं नव्हतं.

नसरीननं तिला हे आधीच सांगितलं होतं. शरीरातलं घड्याळ नळासारखं फिरवता येत नाही, त्याला महापालिकेचं परिपत्रक पोचत नाही. लहान मुलांचं काही आठवड्यांत फिरेल. मोठ्यांना महिने लागतील. जे चाळीस-पन्नास वर्षं पावणेचारला उठले, त्यांचं कदाचित फिरणारच नाही. यंत्र आता टेकडीवर पहाटेच उघडायचं, आणि त्याला आणखी बरीच वर्षं पहाटेच उघडावं लागणार होतं.

छायानं चहा केला. दोघी अंधारात तो पीत बसल्या. अडीच तास मोकळे होते. एवढा वेळ काही न करता त्या दोघी शेवटच्या कधी बसल्या होत्या, हे दोघींनाही आठवेना.

"एक विचारू?" छाया म्हणाली. "राग नको धरूस."

"विचार."

"त्या माणसानं विचारलं, लोक कधी उठतात. तू सहा कसं सांगितलंस गं? तू तर इथलीच."

अकरा महिने सारिका या प्रश्नाची वाट बघत होती. चौकशीत तिनं याचं उत्तर चार पानी दिलं होतं. आता त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं.

"विसरले, ताई," ती म्हणाली. "खरंच विसरले होते."

छायानं कप खाली ठेवला. वाकड्या मनगटाचा हात सारिकाच्या पाठीवरून फिरवला, लहानपणी फिरवायची तसा.

"म्हणजे आपल्या घरात एकीला तरी विसरता आलं," ती म्हणाली. "त्याचसाठी शिकवलं होतं तुला."

सारिका रडली. आवाज न करता, पदर तोंडात धरून, बराच वेळ. छायानं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "पड आता. डोळे बघ कसे झालेत," आणि तिच्या अंगावर गोधडी टाकली.

सारिका आडवी झाली. डोळे मिटायच्या आत तिला दिसलं, छायानं लाटणं उचललं आणि भिंतीवर दोनदा ठोकलं.

"काय गं?" पलीकडून शोभाचा आवाज आला. "आलं का पाणी?"

"नाही आलं," छाया म्हणाली. "झोपा म्हणून सांगतेय."

मग शोभाच्या पुढच्या भिंतीवर दोनदा वाजलं, मग त्याच्या पुढच्या, आणि तो आवाज ओळीनं टेकडी चढत वर गेला.